व्हॅटिकन संग्रहालये : काय पाहायचे नाही, हे घरूनच ठरवून निघा

रोममधील व्हॅटिकन संग्रहालये आम्ही गेल्या नोव्हेंबरमध्ये एकाच आठवड्यात दोनदा पाहिली. पहिल्यांदा एका पर्यटन कंपनीच्या गटाबरोबर अडीच तासांत, आणि सहल संपल्यावर रोममध्ये दोन दिवस जास्त राहून, स्वतः तिकीट काढून, साडेपाच तासांत. आम्ही चौघे होतो. मी रत्नागिरीत बत्तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेला शिक्षक, माझी पत्नी, एकाहत्तर वर्षांची आणि गुडघ्यांनी हैराण असलेली माझी थोरली बहीण आक्का, आणि वसईचे एक जुने कॅथलिक सहकारी. पहिल्या भेटीनंतर आक्काने दिलेला अभिप्राय असा होता की, तिने माणसांच्या पाठी पुष्कळ पाहिल्या. दुसऱ्या भेटीनंतर तिला काय काय आवडले ते सांगताना जेवण थंड झाले. संग्रहालय तेच होते, त्यामुळे या परीक्षणात मी मुख्यतः नियोजनाविषयी लिहीत आहे.

या संग्रहालयांचा प्रारंभ १५०६ सालचा मानतात. त्या वर्षीच्या जानेवारीत रोममधील एका द्राक्षमळ्यात लाओकूनचे प्राचीन शिल्प सापडले, ते पाहायला मायकेलअँजेलो स्वतः गेला होता, आणि पोप ज्युलियस दुसरे यांनी ते विकत घेऊन आपल्या प्रासादात ठेवले. पुढच्या पाचशे वर्षांत त्यात इतकी भर पडली की सगळी दालने पाहायची म्हटली तर चाल सुमारे ७ किलोमीटर भरते. वर्षाला साठ लाखांहून अधिक लोक येथे येतात, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येकाला मायकेलअँजेलोने छत रंगवलेले सिस्टीन चॅपेल हे प्रार्थनागृह पाहायचे असते, जे नेमके मार्गाच्या शेवटी आहे. साहजिकच मधल्या लांब दालनांमधून गर्दीचा एकच ओघ पुढे सरकत राहतो, आणि तुम्ही ठरवून थांबला नाहीत तर तो तुम्हालाही घेऊन जातो. अंगारकीला गणपतीपुळ्याच्या रांगेत उभे राहिलेल्यांना हा अनुभव नवा नाही. तिथे निदान सगळ्यांना एकच मूर्ती पाहायची असते.

तिकिटापासून सुरुवात करतो. आम्ही गेलो तेव्हा प्रौढांचे तिकीट २० युरोंचे होते आणि ऑनलाइन आरक्षणाचे ५ युरो वेगळे. आरक्षण साधारण साठ दिवस आधी उघडते, म्हणजे गणपतीच्या गाड्यांच्या आरक्षणाचा जो हिशेब आपण कोकणात बोटांवर करतो, तोच येथे करायचा. सोयीच्या वेळा पहिल्या काही दिवसांत संपतात. महत्त्वाची गोष्ट अशी की अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट व्हीए’ या व्हॅटिकनच्या स्वतःच्या खुणेने संपतो. शोध घेतला की त्याच्या आधी मध्यस्थांची अनेक संकेतस्थळे येतात, दिसायला तितकीच भारदस्त, आणि तेच तिकीट दुपटीने विकणारी. त्यांतील एकावर मी पैसे भरण्याच्या बेतात होतो. पुण्याच्या भाच्याने वेळेवर हात धरला.

दिवसाची निवड हा दुसरा मुद्दा. महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर संग्रहालये रविवारी बंद असतात, त्यामुळे शनिवार आणि सोमवार हे दोन्ही दिवस जड जातात. सोमवारी तर रोममधील इतर अनेक संग्रहालये बंद असल्याने तिकडची गर्दीही इकडे वळते. त्या शेवटच्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, आणि त्याच कारणासाठी मी तो दिवस कोणालाही सुचवणार नाही. २९ जून, १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, ८ डिसेंबर अशा धार्मिक सणांच्या दिवशीही दारे बंद असतात. पोपची निवडणूक असेल तेव्हा सिस्टीन चॅपेल बंद होते, कारण ती निवडणूक तिथेच होते. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत असे झाले होते. आम्ही गुरुवार निवडला आणि सकाळी आठचा सर्वांना हवा असलेला प्रवेश सोडून दुपारी दोनची वेळ घेतली. सकाळी लवकर आलेले लोक आणि मोठे गट तोवर बाहेर पडू लागलेले असतात, आणि संध्याकाळी आठपर्यंत दारे उघडी असल्यामुळे हाताशी वेळ राहतो.

गटाच्या भेटीविषयी कंपनीचे नाव न घेता एवढेच सांगतो की ‘रांगेशिवाय प्रवेश’ या नावाखाली घेतलेले जादा पैसे मला पटले नाहीत. सुरक्षा तपासणीची रांग सर्वांनाच असते. वेळ ठरवून काढलेल्या साध्या तिकिटावरही तिकीटखिडकीची रांग टळतेच. कार्यक्रमपत्रिकेत ‘व्हॅटिकन दर्शन’ असा एका ओळीचा उल्लेख होता, त्यात संग्रहालय, सिस्टीन आणि सेंट पीटर्स बॅसिलिका अशी तिन्ही स्थळे अर्ध्या दिवसात कोंबली होती, आणि मार्गदर्शकाच्या हातातील छत्रीवर नजर ठेवण्यातच आमचा निम्मा वेळ गेला. मार्गदर्शक मुलगी अभ्यासू होती, हे मात्र नमूद केले पाहिजे. सिस्टीनमध्ये बोलण्यास मनाई असल्याने तिने पिन्या अंगणात, म्हणजे जिथे पाइनच्या फळाच्या आकाराचे प्रचंड कांस्यशिल्प आहे तिथे, फलकांसमोर उभे करून छताची रचना आधीच समजावून सांगितली, आणि ते दुसऱ्या भेटीत फार उपयोगी पडले.

दुसऱ्या वेळी आम्ही घरूनच यादी करून निघालो, आणि त्या यादीत न पाहायच्या गोष्टी अधिक होत्या. इजिप्शियन विभाग, एत्रुस्कन विभाग, आधुनिक धार्मिक चित्रे, पोपच्या जुन्या गाड्या हे सर्व सोडले. जिवावर आले, पण सोडले. प्रवेश केल्यावर बहुतेक लोक सिस्टीनच्या दिशेने वळतात. आम्ही उलट पिनाकोतेका या चित्रदालनात गेलो. माझ्या मते संपूर्ण संकुलात पैसे आणि पायपीट सर्वाधिक सार्थकी लागते ती येथे. अठरा खोल्या कालानुक्रमे लावलेल्या आहेत, बसायला जागा आहे, आणि राफाएलच्या अखेरच्या ‘रूपांतर’ या चित्रासमोर आम्ही दहा मिनिटे जवळजवळ एकटे होतो. पुढच्या खोलीत लिओनार्दोचा अपूर्ण राहिलेला संत जेरोम आहे. या लाकडी फळीचे कोणे एके काळी तुकडे झाले होते आणि त्यांतील संताचे डोके एका चांभाराच्या दुकानात सापडले अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, तिरप्या बाजूने पाहिले की चेहऱ्याभोवतीचा चौकोनी जोड दिसतो. काराव्हाज्जोच्या ‘ख्रिस्ताचे दफन’ या चित्रातील दगडी शिळेचा कोपरा थेट पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. विद्यार्थ्यांना मी हे चित्र वर्षानुवर्षे पुस्तकातून दाखवत आलो. त्या कोपऱ्याची धार छपाईत उतरत नाही, हे मला आता कळले.

लाओकून अष्टकोनी अंगणात आहे. सापांच्या विळख्यात सापडलेला पुरोहित आणि त्याचे दोन मुलगे, ही आकृती ओळखीची असते, पण उजव्या हाताकडे मुद्दाम पाहावे. शिल्प सापडले तेव्हा तो हात नव्हता, म्हणून पुढे काही शतके सरळ वर उगारलेला बनावट हात लावलेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी एका पुरातत्त्वज्ञाला रोममधील दगडकाम करणाऱ्याच्या आवारात मूळ हात सापडला. तो खांद्यामागे दुमडलेला निघाला. उगारलेला हात लढत असलेल्या माणसाचा वाटतो आणि दुमडलेला हात हरत चाललेल्या माणसाचा. एका कोपराने सगळ्या शिल्पाचा भाव फिरतो. अंगणात गर्दी असली तरी ती फार काळ थांबत नाही. छायाचित्र घेऊन पुढे जाते.

नकाशांचे दालन सुमारे १२० मीटर लांब आहे आणि बहुतेक लोक त्याचे सोनेरी छत मोबाइलमध्ये टिपत ते ओलांडतात. खरी मौज भिंतींवर आहे. पोप ग्रेगरी तेरावे यांच्या आज्ञेने १५८० नंतर इन्यात्सियो दांती या गणितज्ञ धर्मगुरूच्या देखरेखीखाली इटलीच्या प्रांतांचे ४० नकाशे येथे रंगवले गेले. रचना अशी की दालनातून चालणारा माणूस जणू आपेनाइन डोंगररांगेच्या माथ्यावरून चालतो. एका हाताला एका समुद्राकडचे प्रांत, दुसऱ्या हाताला दुसऱ्या समुद्राकडचे. सह्याद्रीच्या धारेवर उभे राहून एका बाजूला कोकण आणि दुसऱ्या बाजूला देश पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. समुद्रात गलबते रंगवली आहेत, आणि आमच्या वसईकरांनी त्यांची शिडे वाऱ्याच्या एकाच दिशेने फुगली आहेत की नाहीत याची तपासणी केल्यामुळे येथे आम्हाला ठरल्यापेक्षा वीस मिनिटे जास्त लागली. या दालनाला खिडक्या आहेत, तेव्हा नोव्हेंबरमध्ये जात असाल तर पाचपूर्वी येथे पोचावे. नंतर अंधार पडतो.

राफाएलच्या खोल्यांत ‘अथेन्सची विद्यापीठसभा’ पाहण्यासाठी थांबलोच. खोली अरुंद आहे, दारातच गर्दी तुंबते, आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिल्याशिवाय चित्र पूर्ण दिसत नाही. त्याहून अधिक येथे लिहीत नाही.

सिस्टीन चॅपेलमध्ये आम्ही सहानंतर शिरलो. प्रथम भेटीत जे कळले नव्हते ते असे की पर्यटकांचे दार वेदीच्या बाजूला आहे, म्हणजे आत पाऊल टाकताच वेदीमागच्या भिंतीवरचे ‘अंतिम न्याय’ हे मायकेलअँजेलोचे चित्र तुमच्या पाठीशी असते आणि बहुतेक लोक दारातच मान वर करून थबकतात. तसे न करता सरळ दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे, वळावे, आणि भिंतीलगतच्या बाकांवर जागा मिळेपर्यंत वाट पाहावी. कोणीतरी पाच-दहा मिनिटांत उठतेच. छायाचित्रणाला येथे पूर्ण बंदी आहे आणि शांतता राखण्याच्या सूचना वारंवार दिल्या जातात. त्या सूचनांनीच शांतता मोडते, ही गंमत प्रत्येकाच्या लक्षात येते. खोली सुमारे ४१ मीटर लांब, १३ मीटर रुंद आणि २० मीटरहून उंच आहे, त्यामुळे साध्या डोळ्यांनी बारकावे दिसत नाहीत. पक्षी पाहण्याची लहान दुर्बीण बरोबर न्यावी. तिच्यातून मी पाहिलेली गोष्ट सांगतो. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील काही जुन्या देवळांतील कावीकाम ज्यांनी पाहिले असेल त्यांना ओल्या चुन्याची घाई ठाऊक असते. तिथे गिलाव्यावर हुरमुंजीचा तांबडा थर देऊन तो ओला असतानाच कोरतात. फ्रेस्कोत, म्हणजे ओल्या गिलाव्यावरच्या भित्तिचित्रात, कोरून चित्र उघडे करायचे नसते, रंग भरायचा असतो, पण चुना सुकायच्या आत. म्हणून चित्रकार एका दिवसात रंगवता येईल तेवढाच गिलावा लावतो. १५०८ ते १५१२ या काळात मायकेलअँजेलोने, पाठीवर झोपून नव्हे तर मचाणावर उभे राहून मान मागे टाकून, हे छत असे दिवसा-दिवसाच्या तुकड्यांनी भरले, आणि दुर्बिणीतून काही आकृत्यांच्या कडेने त्या तुकड्यांचे सांधे दिसतात. ‘प्रलय’ या चित्रात आकाशाचा एक भाग कोरा आहे. १७९७ मध्ये जवळच्या सांत’आंजेलो किल्ल्यातील दारूगोळ्याचा स्फोट झाला तेव्हा तो गिलावा पडला. याच चित्रात माणसे फार लहान आणि फार दाट आहेत. खालून ती नीट दिसत नाहीत हे लक्षात आल्यावरच पुढच्या चित्रांत आकृत्या मोठ्या होत गेल्या असाव्यात, असे मला बाकावर बसून वाटले.

‘अंतिम न्याय’ त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, १५३६ ते १५४१ मध्ये रंगवले गेले. त्यात ख्रिस्ताच्या पायांशी संत बार्थोलोम्यू स्वतःचे सोललेले कातडे हातात धरून बसला आहे, आणि त्या कातड्यावरचा लोंबणारा चेहरा मायकेलअँजेलोचा स्वतःचा आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. माझ्या वसईच्या मित्राने येथे नियम मोडून माझ्या कानात सांगितले, की हाच बार्थोलोम्यू कोकणात कल्याणकडे धर्मप्रचारासाठी आला होता अशी त्यांच्याकडे जुनी परंपरा सांगतात. त्यानंतर मला त्या भिंतीवर दुसरे काही दिसेना.

काही व्यवहाराच्या सूचना. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पुरुषांचेही. मोठी पिशवी आणि लांब छत्री आत नेता येत नाही, ती सामानघरात ठेवावी लागते आणि शेवटी पुन्हा तिथेच यावे लागते, म्हणून न नेलेली बरी. मेट्रोची ‘ए’ मार्गिका धरून ओत्ताव्हियानो किंवा चिप्रो स्थानकावर उतरावे. प्रवेशद्वार सेंट पीटर्सच्या चौकात नाही, उत्तरेकडच्या तटाला आहे, आणि चौकातून तिथे चालत जायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. ज्येष्ठांसाठी चाकाच्या खुर्च्या मिळतात. आक्काने ती नाकारली आणि चौथ्या तासाला पश्चात्ताप केला.

सिस्टीनमधून बॅसिलिकेकडे जाणारा जवळचा दरवाजा प्रामुख्याने मार्गदर्शकासह आलेल्या गटांसाठी असतो आणि तोही कधी बंद असतो, म्हणून त्याच्या भरवशावर बेत आखू नये. आम्ही संग्रहालयाच्या नेहमीच्या वाटेने, १९३२ सालच्या त्या दुहेरी वळणाच्या जिन्याच्या बाजूने बाहेर पडलो, आणि बॅसिलिकेसाठी दुसरी सकाळ राखून ठेवली होती. ती सात वाजता उघडते, प्रवेश विनामूल्य आहे, आणि त्या वेळी तपासणीच्या रांगेत आमच्या पुढे चाळीस माणसेही नव्हती.