वडगावच्या मागवाल्यांसाठी: एका वकील ऑफिसचा अनुभव

ऑफिसचं नाव लिहीत नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या ३६व्या नियमानं बंदी आहे, माझ्या कौतुकापायी त्यांना त्रास नको. बेळगाव कोर्टाजवळ, दुसऱ्या मजल्यावर आहे, एवढं पुरे.

वडगावात आमचे सहा माग आहेत. इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याकडं साड्यांचे ७ लाख ४० हजार अडकले होते. आधीच्या वकिलांनी वसुलीत दहा टक्के मागितले, दिलेल्या पैशाची पावती कधी दिली नाही आणि "बघू की" म्हणत दीड वर्ष घालवलं. अशा दाव्याला तीन वर्षांचीच मुदत असते, हेसुद्धा मला उशिरा कळलं. त्यांच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जावं म्हटलं, तर सुप्रीम कोर्टानं १४ मे २०२४ लाच निकाल दिलेला: वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही.

नव्या ऑफिसात हे सगळं सांगितलं. वकील मॅडमनी आधी एक कागद पुढं ठेवला. काम कुठलं, फी किती, कधी द्यायची, सगळं मराठीत टाइप केलेलं. "टक्क्यावर फी आम्हाला घेताच येत नाही, काकू. आणि ग्राहक आयोगाची दारं बंद झाली, म्हणून तर आम्ही जास्त लिहून द्यायला पाहिजे." वकालतनामा कन्नडमध्ये होता. तो ओळीओळीनं मराठीत समजावला, मगच सही घेतली. मराठी शाळेत शिकलेल्या आम्ही बायकांनी न कळणाऱ्या कागदांवर किती सह्या केल्यात! त्या पंधरा मिनिटांसाठीच मी या ऑफिसला मानते.

खरी अडचण पुराव्याची होती. ऑर्डर, माल पोचल्याचा निरोप, "दिवाळीनंतर देतो" हे सगळं व्हॉट्सॲपवर. आधी नुसते स्क्रीनशॉट छापून फाइलला लावलेले. १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणं मोबाइलमधल्या पुराव्याला प्रमाणपत्र लागतं: पहिला भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो, असं ऑफिसातल्या पोरानं माझ्यासमोर करून दाखवलं. नमुना त्यांच्याकडं तयारच होता. कायदा बदलल्यावर ऑफिसनं आपली पद्धत बदललेली मी पहिल्यांदा बघितली.

एक तक्रार आहे. तज्ज्ञाचा खर्च पहिल्या कागदात धरला नव्हता, मागनं सांगितला. मी स्पष्ट बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि आता तशी ओळ कागदात घातलीय.

रक्कम ३ लाखांच्या वर आणि वाद व्यापाराचा, तातडीचा मनाईहुकूम मागायचा नव्हता. तेव्हा दाव्याआधी व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ खाली मध्यस्थी करावीच लागते. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात तीन बैठका झाल्या, चार हप्ते ठरले. दोन आलेत. त्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याचं बळ असतं, म्हणजे हप्ता चुकला तर नवा दावा लावायला नको, थेट वसुलीला जाता येतं.

कुणी अशा कामाला जाणार असाल तर ज्यावर व्यवहार झाला तो मूळ फोनच न्या. चॅट पुसू नका, पोरांना फोन रीसेट करू देऊ नका. माझा काच फुटलेला जुना फोन मी मोडीत घालणार होते.