भारत गृह रक्षा पॉलिसी, कळव्याच्या तळमजल्यावरून रिव्ह्यू

आम्ही कळव्यात तळमजल्याला, म्हणजे जुलैत भरती आणि धो धो पाऊस एकत्र आला की पहिलं लक्ष फ्रीजकडे. होम लोनसोबत बँकेने गळ्यात मारलेला इन्शुरन्स होता पण नीट वाचला तर त्यात सामानाचा एक रुपया नाही, म्हणून ही घेतली. 2021 पासून जनरल इन्शुरन्सवाल्या कंपन्या ही स्टॅंडर्ड पॉलिसी देतात, पूर, वादळ, भूकंप, दरड सगळं बेसिकमध्येच, आणि घराचा विमा काढला की सामानाला त्याच्या 20 टक्के कव्हर आपोआप, जास्तीत जास्त 10 लाख. दागिने वेगळे घ्यावे लागतात हां. एजंट फ्लॅटच्या बाजारभावाने रक्कम टाकायला बघत होता, कशाला उगाच प्रीमियम भरायचा? इथे कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा रेट धरतात, जागेची किंमत नाही, आणि तो रेट मात्र आजचाच टाका, बिल्डिंग बांधली तेव्हाचा नको. पॉलिसीला चार स्टार, एजंटला एक, पैसे भरल्यावर फोनच उचलत नाही. आणि भिंतीतली जुनी ओल यात येत नाही, सासूबाईंना ते अजून पटलेलं नाहीये.