२८ चा कार्ब, पॉइंटलेस किट आणि पेट्रोलचा एक थेंब: नऊ महिन्यांनंतर

हे लिहायला घेतलं होतं ते बुलेटला लावलेल्या पॉइंटलेस किटला (पॉइंटच्या जागी बसून स्पार्क देणारं इलेक्ट्रॉनिक किट) शिव्या घालायला. अर्धं लिहूनही झालं होतं. मग गौरी-गणपती आटोपल्यावर दापोलीला बहिणीकडे निघालो. धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवली. पलीकडे दाभोळला बोटीची फळी खाली टेकली आणि बुलेट चालूच होईना. डिकम्प्रेशनचा लिव्हर दाबून (सिलिंडरमधला दाब सोडून) पिस्टन बसवला, किक मारली, फुस्स. मागे केळीच्या घडांनी भरलेला टेम्पो हॉर्न मारतोय, खलाशी म्हणतोय, "दादा, आधी बाहेर काढा, मग पूजा करा." शेवटी दोघांनी ढकलत वर नेली.

गंमत म्हणजे त्या दिवशी गाडीत किट नव्हतंच. ऑगस्टमध्येच काढून मी जुने पॉइंट (कॉइलचा करंट तोडून स्पार्क पाडणारा यांत्रिक स्विच) परत बसवले होते. म्हणजे दोन महिने ज्याला शिव्या दिल्या, तो आरोपी घरात ड्रॉवरमध्ये झोपलेला.

गाडी बाबांची, ३५० ची जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट. ३४६ सीसी, ७० बाय ९० मिमी (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव), हे इथे कुणाला सांगायला नको. गुहागरला समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर घर. डिसेंबरमध्ये मूळचा २४ मिमी तोंडाचा कार्ब (हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर) काढून २८ चा लावला, मॅनिफोल्ड आणि हेडचं तोंड त्या मापाला मोठं करून घेतलं, फिल्टर मोकळा केला आणि त्याच आठवड्यात पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. सायलेन्सर तेवढा मूळचा. दोन्ही कामं एकदम केली ही पहिली चूक. पुढे काही बिघडलं की कार्बवर संशय घ्यायचा की स्पार्कवर, तेच कळेना.

२८ चा कार्ब ५०० बुलेटवर मूळचाच यायचा, म्हणून धाडस केलं. तोंडाचं क्षेत्रफळ २४ पेक्षा ३६ टक्के जास्त. पिकअप खरंच सुधारला, शृंगारतळीच्या चढाला गिअर उतरवावा लागत नाही. कार्बबद्दल चांगलं इतकंच. आता थेंब.

साइड स्टँडवर लावली की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोलचा थेंब पडायचा. मोबाइल लावून मोजला, ४० सेकंदांना एक. तासाला नव्वद, दिवसाला दोन हजारांवर. वीस थेंबांचा एक मिली धरला तर दिवसाला १०० मिलीच्या वर. पेट्रोल १०५ च्या आसपास, म्हणजे रोजचे अकरा रुपये जमिनीत. मी खाली नारळाची करवंटी ठेवली. सकाळी बघावं तर निम्मं उडून गेलेलं. पडवीत वास. आई म्हणाली, "ही गाडी राहील नाहीतर मी राहीन." मेकॅनिक म्हणाला, "पेट्रोलचा कॉक बंद करत जा की!" करत होतोच, पण कॉकचा वॉशरही म्हातारा, तोही पाझरतो. मेन स्टँडवर थेंब पडत नाही हेही खरं, पण आमच्या खळ्यात जांभ्याचे चिरे वरखाली, तिथे मेन स्टँडला लावायला दोन माणसं लागतात.

मग रात्री कार्बचा बाऊल (पेट्रोल साठतं ती वाटी) उघडला. फ्लोटच्या (बाऊलमधल्या तरंगत्या भागाच्या) निडलच्या, म्हणजे पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या, टोकाला टाकीतल्या गंजाचा कण अडकलेला, मोहरीच्या दाण्याच्याही चौथाई. तो काढला. थेंब ४० चा ९० सेकंदांवर गेला. इथे थांबायला हवं होतं. पण नव्वद सेकंदही मला बघवेना, म्हणून फ्लोटची पितळी जीभ पकडीने जरा वाकवली. थेंब सात मिनिटांवर गेला! त्या रात्री मी खूष होतो.

जीभ वाकवली म्हणजे बाऊलमधली पातळी खाली गेली, आणि पातळी खाली म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यात हल्लीचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. निव्वळ पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, त्यामुळे त्याच जेटवर (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) गाडी आणखी पातळ जळते. मे महिन्यात अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळू लागली, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके. प्लग खडूसारखा पांढरा, पातळ मिश्रणाची खूण. मी ठरवून टाकलं की किटचं टायमिंग जास्त पुढे आहे, म्हणजे स्पार्क फार लवकर पडतोय.

पॉइंट असताना टायमिंग सोपं असायचं. पिस्टन वर यायच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडायला हवा. चावी चालू ठेवून इंजिन हळूहळू फिरवा, पॉइंट उघडला की ॲमीटरचा काटा मायनसवरून टुणकन शून्यावर येतो, बस्स. माझ्या किटमध्ये इंजिन थांबलं की कॉइलचा करंट आपोआप बंद होतो, काटा हलतच नाही. मग पिस्टन कुठे आहे ते मोजायला सायकलचा स्पोक प्लगच्या भोकातून घाला. तेही भोक तिरपं, स्पोकवरचे ०.८ म्हणजे पिस्टनचे ०.८ नव्हेत. अंदाजाने टायमिंग मागे घेतलं तर सायलेन्सरचा बेंड निळा पडला. एवढं होऊनही जेट उघडून बघायची बुद्धी झाली नाही. कुंभार्ली घाट चढताना तरी कळायला हवं होतं. वर हवा विरळ, तिथे मिश्रण घट्ट व्हायला हवं, तरी प्लग पांढराच!

जुलैत त्याच घाटात, धो धो पावसात, गाडी बंद. अर्ध्या तासाने आपोआप चालू. असं तीनदा झाल्यावर विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणे वायर कापलेली असेल तर वॉरंटी नाही. अरे, वायर कापल्याशिवाय तुझं किट बसतच नाही, तुझ्याच कागदावर कापायचं चित्र आहे! तीन आठवडे व्हॉट्सॲपवर निळ्या टिका बघितल्या. मग वैतागून किट काढलं, पॉइंटची फट ०.३८ मिमीला सेट केली, नवा कन्डेन्सर टाकला आणि इथे लिहायला बसलो.

दाभोळहून टेम्पोत घालून गाडी घरी आणली. मल्टिमीटर लावला. चावी चालू, पॉइंट मिटलेला, बॅटरीचा मायनस आणि इंजिनची बॉडी यांच्यात ३.१ व्होल्ट. असायला हवेत जेमतेम ०.२. अर्थिंगच्या वायरची प्लास्टिकची नळी सोलली तर आत तांब्याऐवजी हिरवी पूड. बाहेरून वायर नवी कोरी. खारी हवा आत शिरून बसली होती. थरथरलं की संपर्क तुटायचा, कधी परत जुळायचा, घाटातही आणि दाभोळलाही. ८० रुपयांची जाड वायर, दोन थिंबल, वर ग्रीस.

त्याच दिवशी फ्लोटची जीभही पूर्ववत केली. सेटिंग असं: मेन जेट ११० आला होता, १२० केला, पायलट जेट २५ चा ३०, जेट निडलची (फ्लोटची नव्हे) क्लिप वरून चौथ्या खाचेत, एअर स्क्रू पावणेदोन फेरे. हा स्क्रू हवेचा आहे, आत घेतला की मिश्रण घट्ट होतं, उलटं समजू नका. प्लग आता बिस्किटी, म्हणजे मिश्रण बरोबर. फटाके बंद.

किट परत बसवलंय. तीन आठवडे झाले, पावसात चिपळूणला चार फेऱ्या, एकदाही मिस नाही. थंड इंजिनला दुसऱ्या किकला चालू होते, पॉइंटवर चार लागायच्या. तेव्हा किटला पाचापैकी चार. विकणाऱ्याला शून्यच, चूक माझी निघाली तरी. पॉइंटची प्लेट, कन्डेन्सर आणि फिलर गेज आता सीटखाली फडक्यात बांधून ठेवलंय.

थेंब? परत ९० सेकंदांवर. करवंटी जागेवर आहे. कॉकचा वॉशर चिपळुणात सुटा मिळेना, म्हणतात अख्खा कॉकच घ्या, साडेचारशे. सुटा वॉशर कुठे मिळत असेल तर सांगा, साडेचारशे मी देणार नाही.