वाराचं नाव की वाक्याचं? अकान आणि योरुबा नावांतून निवडताना

भाचीला नववा महिना लागलाय. ती लंडनला असते. नवरा तिथेच वाढलेला, पण त्याचे वडील घानातल्या कुमासीचे, म्हणजे अकान लोकांपैकी असान्ते, आणि आई नायजेरियातल्या इबादानची योरुबा. नाव पश्चिम आफ्रिकेतलं ठेवायचं एवढं ठरलंय, घोडं अडलंय ते कुणाकडचं यावर. आम्ही काही वर्षं नायजेरियात लागोसला काढली, म्हणून फोन मला. ‘मावशी, नेटवर याद्या आहेत गं, पण सगळं एकत्र कालवलंय.’

खरं आहे. कोफी आणि फेमी यादीत शेजारी-शेजारी वाचली की दोन्ही सारखीच वाटतात, छोटी, गोड. प्रत्यक्षात कोफी हे नाव कुणी निवडत नाही, आणि फेमी निवडल्याशिवाय येत नाही.

अकानांकडे पहिलं नाव वार देतो. रविवारचा मुलगा क्वासी, मुलगी अकोसुआ. सोमवारी कोजो आणि अजोआ, मंगळवारी क्वाबेना आणि अबेना, बुधवारी क्वाकू आणि अकुआ, गुरुवारी याव आणि या, शुक्रवारी कोफी आणि अफुआ, शनिवारी क्वामे आणि आमा. या नावाला ‘क्रादिन’ म्हणतात. आपण फसतो इथे: ‘दिन’ म्हणजे दिवस नव्हे, नाव. ‘क्रा’ म्हणजे आत्मा. आत्मा ज्या वारी आला त्या वाराचं नाव घेऊनच येतो, आईबापांनी डोकं खाजवायचं कारण नाही. आपल्याकडे पंचांग निदान अक्षर देऊन थांबतं, इथे अख्खं नावच हातात ठेवतात.

पुढचं नाव मात्र बाप देतो, बहुधा घरातल्या एखाद्या मानाच्या माणसाचं. काही नावं क्रमावरून येतात: मेन्सा तिसरा मुलगा, बादू दहावं अपत्य. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान 8 एप्रिल 1938 ला जन्मले, शुक्रवारी. त्यांचं मधलं नाव अत्ता, म्हणजे जुळा. अन्नान म्हणजे चौथा. नाव कसलं, जन्मनोंदच ती.

वाराबरोबर स्वभावही चिकटतो असं मानतात. सोमवारचा शांत, बुधवारचा उपद्व्यापी. गोष्टीतला लबाड कोळी अनान्सी क्वाकूच आहे. गुस्ताव जाहोदा या मानसशास्त्रज्ञाने 1954 मधल्या अभ्यासात कुमासीच्या बालन्यायालयातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा बुधवारच्या मुलांची नावं अपेक्षेहून जास्त निघाली, सोमवारच्यांची कमी. लहानपणापासून ‘तू बुधवारचा’ ऐकलं की पोरगं तसं वागायला लागत असेल, दुसरं काय.

ही नावं चिवट आहेत, हा मला त्यांचा मोठा गुण वाटतो. गुलामांच्या जहाजांतून माणसांचं सगळं काढून घेतलं गेलं, पण 1739 मध्ये जमैकात इंग्रजांना तह करायला लावणारा कजो हा कोजोच, आणि 1763 च्या बर्बिसच्या उठावाचा पुढारी, गयानाचा राष्ट्रीय वीर, कफी हा कोफीच.

आता योरुबा. इथे नाव म्हणजे वाक्य असतं, क्रियापदासकट. आयोदेले: आनंद घरी आला. ओलुफेमी: देवाने माझ्यावर प्रेम केलं, फेमी हा त्याचाच तुकडा. तेमितोपे: माझ्याकडे आभार मानण्याजोगं आहे. ‘मूल नावाने हाकारण्याआधी घराकडे बघतात’ अशा अर्थाची म्हण आहे, आणि लोक ती खरोखर पाळतात. बारशाला आजी, आजोबा, काका, आत्या, ज्याचा त्याचा शब्द वेगळा; एका पोराला सहज सहा-सात नावं मिळतात.

निवडायला मोकळीक आहे म्हणून यादीतलं कुठलंही उचलता येत नाही. नावाच्या सुरुवातीचा ‘आदे’ म्हणजे मुकुट, तो राजघराण्याशी नातं सांगतो. ‘इफा’ भविष्य पाहणाऱ्यांच्या घरचा, ‘ओगुन’ लोहार-शिकाऱ्यांचा, ‘आयान’ ढोल वाजवणाऱ्यांचा. बाबातुंदे भाचीला फार आवडलं होतं. त्याचा अर्थ ‘बाप परत आला’. ते आजोबा गेल्यावर जन्मलेल्या मुलाचं. कुमासीचे सासरे ठणठणीत आहेत. मी म्हटलं, हे बोलूसुद्धा नकोस.

एका प्रकारची नावं मात्र मला कुणी समजावून सांगावी लागली नाहीत. मुलं जगत नसलेल्या घरात पुढच्याचं नाव ठेवतात मालोमो, ‘पुन्हा जाऊ नकोस’, किंवा कोसोको, ‘कुदळच नाही’, म्हणजे खड्डा खणायला. एकोणिसाव्या शतकात लागोसचा एक राजा कोसोको नावाचा होता. दगडू, धोंडू नावांच्या देशातून गेलेल्या माणसाला यापुढे काय सांगायचं?

सुरांची अडचण योरुबात मोठी. ‘ओको’ एका सुरात नवरा, दुसऱ्यात कुदळ, तिसऱ्यात गाडी. कागदोपत्री अक्षरांखालचे ठिपके गळतात आणि शादेची ‘सादे’ होते. अकान भाषाही सुरांचीच आहे, पण वाराचं नाव चुकीच्या सुरात म्हटलं तरी ओळखू येतं.

मुलगा की मुलगी हे आधी माहीत नसेल तर योरुबा सोयीचं. आयोदेले, तेमितोपे दोघांनाही चालतं. अकान नावाला थांबावं लागतं.

मराठी कानाचा विचारही करायला हवा, कारण पुण्याची आजी हाक मारणार. कोफीची कॉफी होणारच. घानातल्याच फान्ते लोकांत गुरुवारची मुलगी आबा असते. सहा महिन्यांच्या नातीला आबा म्हणायचं धाडस आमच्या ताईत नाही. योरुबांचा दादा म्हणजे जटा घेऊन जन्मलेला. आणि अकानांची या, योरुबांचा बोला, दोघं एका घरात असली तर पाहुण्यांची सोय.

नायजेरियातल्याच इग्बो लोकांची नावंही तिने विचारली. चिनुआ, चिओमा, चिदी, सगळ्यांत ‘चि’, म्हणजे देव किंवा प्रत्येकाचा आपला दैवी सोबती. सुंदर आहेत, पण घरात कुणी इग्बो नाही, म्हणून सोडून दे म्हटलं.

माझं मत सरळ होतं. वाराचं नाव जसं येईल तसं घ्यायचं, सासरे त्याच नावाने हाक मारणार. दाखल्यावर योरुबा वाक्य, ते सासूबाईंकडून तपासून. दोन्हीकडे बारसं आठव्या दिवशी: अकानांकडे बाळाच्या जिभेवर पाणी आणि दारूचा थेंब, योरुबांकडे मध, मीठ, कोलाची बी. आपलं बाराव्याला, म्हणजे भांडण नाही.

काल परत फोन आला. बाळ पायाळू आहे, सिझेरियन ठरलंय, डॉक्टरांनी मंगळवार किंवा गुरुवार दिलाय. म्हणजे जे नाव निवडायचं नसतं ते आता निवडता येतंय. आणि सासूबाई म्हणतात, योरुबांत पायाळू मूल आपलं नाव घेऊनच येतं: इगे. तिथे कुणाला विचारायचंच नसतं. पण पोट कापून काढलेलं पायाळू ते पायाळू का, यावर इबादानच्या मावशांची कालपासून चर्चा चालू आहे.

भाचीने गुरुवार घेतलाय.