डी१३०एफ, सात महिन्यांनंतर: सर्फचा आवाज मिळाला, पण चार स्क्रूंनी जीव खाल्ला

परवा शनिवारी इथे कॉस्टा मेसातल्या एका ब्रुअरीच्या अंगणात वाजवत होतो. तिसरं गाणं संपत आलं आणि परत तीच खरखर. जाड ई तारेवर पाचव्या फ्रेटला हात गेला की कोऱ्या कागदावर नख ओढल्यासारखा आवाज. बाकी सगळे सूर स्वच्छ. समोरच्या मंडळींना काही कळलं नाही, त्यांचं लक्ष बिअरमध्ये. मला मात्र त्यानंतर गाणी ऐकूच आली नाहीत, फक्त तो ए ऐकू येत राहिला. म्हणून जेबीएलचा डी१३०एफ हा जुना पंधरा इंची गिटार-स्पीकर घेतल्यावर सात महिन्यांनी एकदाचं हे परीक्षण लिहून टाकतोय. पाच तारे द्यायचं केव्हाच ठरलं होतं. तारे सध्या बाजूला राहू देत.

अ‍ॅम्प आहे फेंडरचा '६५ डिलक्स रिव्हर्ब, रीइश्यू, म्हणजे जुन्या मॉडेलची नवी आवृत्ती. २२ वॉट. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती टंकत बसत नाही. कंपनीने त्यात जेन्सन सी१२के स्पीकर बसवून दिला होता. तो वाईट नाही. घरात वाजवायला चोख आहे. पण ड्रमर समोर आला आणि व्हॉल्यूम सहाच्या पुढे नेला की वरचे सूर पत्र्यासारखे व्हायचे आणि खालचे अंग चोरायचे.

बाकीच्या गिटारवाल्यांना स्पीकरचा आवाज गोड फाटलेला हवा असतो. सर्फचं, म्हणजे साठच्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या गिटार-संगीताचं, उलटं. तळहाताने तारा दाबून तुटक सूर मारायचा आणि मागून रिव्हर्बच्या, म्हणजे घुमारा देणाऱ्या, स्प्रिंगच्या टाकीतून पागोळी पडल्यासारखा 'टप्प' यायला हवा. अमेरिकन मंडळी त्याला ड्रिप म्हणतात. स्पीकरचा कागदी कोन जरा जरी लवकर फाटायला लागला तरी त्या टप्पचा चिखल होतो. एका मित्राने प्रेमाने आपला ग्रीनबॅक स्पीकर वापरायला दिला होता. २५ वॉटचा, ब्लूजला लोणी. सर्फला पहिल्याच तासात चिखल. परत देताना 'छान आहे रे' असं खोटं बोललो.

मग पंधरा इंचाच्या नादी लागलो. त्यात भूगोलाचाही दोष आहे. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर बाल्बोआ. तिथे समुद्राला लागून राँदेव्हू बॉलरूम होतं. १९६१ मध्ये सर्फ गिटारवाला डिक डेल तिथे वाजवायचा आणि हजारोंनी पोरं जमायची. एवढ्या गर्दीत माणसांची अंगंच आवाज शोषून घेतात. त्यामुळे डेल अ‍ॅम्प फुल्ल करायचा आणि फेंडर कंपनीच्या लिओ फेंडरने दिलेले अ‍ॅम्प आणि स्पीकर एकामागून एक जाळायचा. शेवटी लिओ आणि त्याचा सहकारी फ्रेडी टव्हारेस स्वतः ती गर्दी बघायला गेले. त्यातून शोमन अ‍ॅम्प आला, त्याचा मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आला. ट्रान्सफॉर्मर मोठा झाल्यावर स्पीकर फाटायला लागले, म्हणून गाडी जेबीएलच्या १५ इंची डी१३० कडे वळली. हा स्पीकर मुळात गिटारसाठी नव्हताच, घरातल्या हाय-फायसाठी होता. गिटारसाठी सुधारून जो आला तो डी१३०एफ. एफ फेंडरचा. ते बॉलरूम १९६६ मध्ये जळालं. आता तिथे घरं आहेत.

जाता जाता एक सांगतो, कारण रिव्हर्बवरून माझं बँडमध्ये कायम भांडण असतं. डेलच्या पहिल्या अल्बममध्ये स्प्रिंग रिव्हर्ब जवळजवळ नाही. फेंडरचं रिव्हर्बचं वेगळं खोकं नंतर त्याच्या आवाजाला चिकटलं. आधी होती ती नुसती ताकद. १६ ते ६० गेजच्या दोरखंडासारख्या तारा आणि उजव्या-डाव्या फटक्यांचा न थांबणारा मारा. सतारीवर 'दिरदिर' ऐकत वाढलेल्या माणसाला ती चाल परकी वाटत नाही. डेलचं घराणं वडिलांकडून लेबनॉनचं, हाताची लय लहानपणी तिकडच्या ढोलावर बसलेली. तर ही ताकद न फाटता बाहेर काढणं एवढंच स्पीकरचं काम. रिव्हर्ब त्यावरचं कोथिंबीर-खोबरं.

आता पैशांचं. फेंडरचाच मोठा ट्विन रिव्हर्ब घ्यायचा तर दीड हजार डॉलरच्या पुढे, वर पाठीचा डॉक्टर वेगळा. हिशेब असा केला: ३ डेसिबल वाढवायला अ‍ॅम्पचे वॉट दुप्पट करावे लागतात. त्याऐवजी ३ डेसिबल जास्त कार्यक्षम स्पीकर लावला तर माझे २२ वॉट ४४ सारखे ऐकू येणार. म्हणजे वॉट विकत घेण्यापेक्षा डेसिबल विकत घेणं स्वस्त. जेबीएलचे हे जुने स्पीकर त्या बाबतीत दांडगे आहेत. जेन्सनची व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी गुंडाळी, लहान, याची चार इंचाची. तीसुद्धा गोल तारेची नाही, चपट्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीची, काठावर उभी गुंडाळलेली. चुंबक अल्निकोचं, ज्यात कोबाल्ट असतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी झैरेत (आताच्या काँगोत) गडबड होऊन कोबाल्ट महाग झालं, तेव्हा जेबीएल फेराइट चुंबकाकडे वळली. म्हणून जुन्या अल्निकोचा भाव अजून उतरत नाही.

फुलर्टनमधल्या एका आजोबांकडे २४० डॉलरला मिळाला. त्यांनी २६० सांगितले होते. लिओचा कारखाना ज्या गावात होता त्याच गावात मी वीस डॉलरसाठी पाऊण तास घासाघीस केली. ८ ओहमचा निघाला, डिलक्सला हवा तसा. डिलक्सच्या पेटीत पंधरा इंच मावणं शक्य नाही, म्हणून पाऊण इंची प्लायवूड आणून गॅरेजमध्ये वेगळी बंद पेटी केली. प्लाय, स्क्रू, हँडल मिळून ६२ डॉलर. कापड बायकोच्या जुन्या पडद्याचं. सांगलीहून व्हिडिओ कॉलवर आईने पाहिलं आणि मधली चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची टोपी बघून म्हणाली, "अरे, मधे वाटी चिकटवलीयस का?"

पहिला महिना माझे पाय जमिनीवर नव्हते. खरंच सांगतो, तोच अ‍ॅम्प, तीच जॅझमास्टर गिटार, आणि जाड तारेवरचा सूर पोटात लागायचा. टप्प एकदम सुटा. व्हॉल्यूम चारवर ड्रमर म्हणाला, कमी कर. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी कमी कर म्हणालं. त्याच आठवड्यात इथे परीक्षण लिहिलं असतं तर 'डोळे मिटून घ्या' असं लिहिलं असतं. लिहिलं नाही ते बरं झालं.

दुसऱ्या महिन्यात वाटीने रंग दाखवला. वरचे सूर ती टॉर्चच्या झोतासारखे सरळ फेकते. पेटीच्या बरोबर समोर उभं राहिलं तर कान कापले जातात, दोन पावलं बाजूला सरकलं तर वर गोधडी टाकल्यासारखं. मी कायम बाजूला उभा, म्हणून ट्रेबल वाढवायचो, आणि समोर बसलेल्यांचे हाल. जाळीच्या कापडामागे पॅकिंगच्या फोमची थाळी कापून लावली, मधे तीन इंचाचं भोक ठेवून. फुकटात काम झालं. शिवाय स्पीकर कार्यक्षम म्हणजे अ‍ॅम्पची सूंऽऽ आणि टाकीचा खळखळाटही तितकाच कार्यक्षमपणे ऐकू येतो, हे कोणी सांगत नाही. घरात व्हॉल्यूम दोनच्या वर नेता येत नाही. शेजारच्या बाईंनी एकदा फार गोड शब्दांत विचारलं, की हा छंद नवीन आहे का.

आणि मग मुख्य दुखणं. तिसऱ्या महिन्यात खरखर सुरू झाली. लगेच नाही, चाळीसेक मिनिटं वाजवल्यावर, कॉइल तापली की. दिव्याखाली धरून बघितलं, कोन शाबूत. इथल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने टेबलावर ठेवला, चार बोटांनी कोन हलकेच दाबला, कान लावला आणि निकाल दिला: कॉइल घासतेय, नवा कोन आणि कॉइल बसवावी लागेल, चुंबकही उतरलंय, ते परत भारून देतो. सगळे मिळून २१० डॉलर, सहा आठवडे. स्पीकरच्या किमतीत नुसती दुरुस्ती. तरी दिला, कारण तोवर पेटीचे ६२ डॉलर डोळ्यांसमोर नाचत होते.

नऊ आठवड्यांनी परत मिळाला. घरी आणला, पेटीत बसवला, तासाभराने तीच खरखर, त्याच ए वर. मी तडक परत गेलो. त्याने स्पीकर टेबलावर आडवा ठेवून माझ्यासमोर वीस मिनिटं चालवला. आवाज काचेसारखा स्वच्छ. मी म्हटलं घरी घासतो, तो म्हणाला इथे घासत नाही. आवाज चढले. शेवटी तपासणीचे ४५ डॉलर लावले, आणि मी रागारागाने नोटा मोजून दिल्या. जुना मूळ कोन तरी परत द्या म्हटलं. तो कचऱ्यात गेला होता. साठ वर्षांपूर्वीचा कागद! याबद्दल मी त्याला अजूनही माफ केलेलं नाही.

पण खरं ते लिहायला हवं: टेबलावर तो खरंच घासत नव्हता. आम्ही दोघंही बरोबर होतो. हे कळलं ते घरी स्पीकर सोडवताना. शेवटचा स्क्रू ढिला केला आणि पेटीतून 'कट्' असा आवाज आला. पुढचं प्लायवूड मधे जरासं बाक धरून होतं, तीन-चार कागदांच्या जाडीइतकं. मी भोकं आठ असली तरी चारच स्क्रू लावले होते, आणि तेही कॉर्डलेस ड्रिलने, हॉलमध्ये पडद्याची दांडी लावावी तसे कचकचून. ओतीव चौकट, पण प्लायच्या बाकाबरोबर तीही ओढली गेली होती, केसभर. कॉइल आणि चुंबकामधल्या फटीत केसभर म्हणजे फार झालं. कॉइल तापून फुगली की टेकायची.

यातली गंमत नंतर कळली. गिटारची पोरं पेटीत स्पीकर पुढून वाट्टेल तसे आवळतात आणि चौकट वाकडी होते, हे जेबीएलला त्या काळातच माहीत होतं. म्हणून एफ मालिकेत त्यांनी कॉइलभोवतीची फट साध्या डी१३० पेक्षा किंचित जास्त ठेवली. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी त्यांनी आधीच माफी लिहून ठेवली होती. मी तीही पुरी करून टाकली.

लहानपणी सांगलीत बाबांच्या चेतकचं हेड बसवताना मेस्त्री नट समोरासमोरचे आवळायचा, अर्धा-अर्धा वेढा, एका दमात कधीच नाही. मी शेजारी पाना घेऊन उभा असायचो. तेव्हा शिकलेलं इथे येऊन विसरलो आणि २५५ डॉलर भरले. आता प्लाय घासून सपाट केलं, मधे कॉर्कची पातळ कडी घातली, आठही स्क्रू हाताने, समोरासमोर, बोटाला जेवढं बसेल तेवढेच. त्यानंतर तीन महिने स्वच्छ.

या भानगडीत स्पीकर नऊ आठवडे बाहेर होता तेव्हा बँड चालू ठेवायला डिलक्सच्या पेटीतच वेबर कॅलिफोर्निया १२ इंची घातला. इंडियानातल्या कोकोमोची कंपनी, जेबीएलच्या चालीवर बनवतात, टोपी कागदाची की अ‍ॅल्युमिनियमची ते तुम्ही सांगायचं. मी कागदाची घेतली, वाटीचा धडा ताजा होता. पोटात लागणारा तो धक्का यात नाही. पण टप्प सुटा येतो, झोत मवाळ आहे, आणि एका हातात अ‍ॅम्प, दुसऱ्यात गिटार घेऊन एका खेपेत गाडीपर्यंत जाता येतं. पंधरा इंचाची पेटी असेल तर दोन खेपा आणि एक सुस्कारा. कोणी मला नवीन घ्यायचा म्हणून विचारलं तर मी हाच सांगतो. विकत घेताना मात्र मी स्वतः काय केलं असतं ते विचारू नका.

आणि तरी परवा खरखर. समुद्र जवळ, धुकं, ती दमट संध्याकाळ, प्लाय फुगलं असणार. रविवारी पुढचं कापड काढून बघितलं तर खालचे दोन स्क्रू आपसूक फिरून वेगळे झाले होते, एक ढिला, एक घट्ट. पुन्हा सगळे सोडले, पुन्हा आवळले. मग बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत एक बारीक रेघ ओढली. स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसेल. बाटली बारा डॉलरची आहे, हे मला रेघा ओढून झाल्यावर कळलं.

येत्या शनिवारी हंटिंग्टन बीचला वाजवायचंय. दोन्ही पेट्या गाडीत टाकणार आहे. निघताना रेघा जुळल्या तर पंधरा इंच, नाहीतर मुकाट्याने वेबर.