लिटल रॉक सेंट्रल हायस्कूल: स्मारकस्थळ आणि मार्गदर्शकासोबतची फेरी

अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या लिटल रॉक शहरातील सेंट्रल हायस्कूल म्हटले की बहुतेकांना एकच छायाचित्र आठवते. काळा चष्मा लावून, वही छातीशी धरून निमूट चालणारी पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय एलिझाबेथ एकफर्ड आणि तिच्या पाठीमागे ओरडत येणारा गोऱ्यांचा जमाव. तारीख होती 4 सप्टेंबर 1957. राष्ट्रीय उद्यान सेवेचे येथील माहिती केंद्र आणि मार्गदर्शकासोबतची फेरी मला मोलाची वाटते, ती या छायाचित्राच्या पुढे नेते म्हणून.

प्रवेशाला शुल्क नाही. आधी माहिती केंद्र पाहावे, कारण शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा 1954 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या या शाळेत प्रवेश मिळालेल्या एलिझाबेथसह नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दारातच अडवण्यासाठी राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी उभे केलेले नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे, सैनिक आणि अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मुलांच्या संरक्षणासाठी पाठवलेली लष्कराची 101 वी एअरबोर्न डिव्हिजन हा क्रम मनात पक्का असला, तरच समोरच्या इमारतीकडे नीट पाहता येते. 25 सप्टेंबरला सैनिकांच्या पहाऱ्यात ती मुले आत गेली, आणि पुष्कळांच्या मनात ही कथा तिथेच संपते.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. सैनिक मार्गिकांमध्ये सोबत असत, पण वर्गात, स्वच्छतागृहात आणि कपडे बदलण्याच्या खोलीत त्यांना जाता येत नसे, आणि नेमक्या त्याच जागा सर्वांत धोक्याच्या होत्या. धक्के, लाथा, अंगावर थुंकणे, जिन्यावरून ढकलणे हे नित्याचे झाले होते. उलट हात उगारायचा नाही, अशी त्या मुलांना ताकीद होती. डिसेंबरमध्ये भोजनगृहात वाट अडवून त्रास देणाऱ्या मुलांवर नऊ जणांपैकी मिनिजीन ब्राउनच्या हातातील ताटलीतला चिली नावाचा रस्सा सांडला आणि तिला निलंबित करण्यात आले. फेब्रुवारी 1958 मध्ये तिला शाळेतून काढूनच टाकले. त्यानंतर ‘एक गेली, आठ उरले’ अशा अर्थाचा मजकूर असलेली कार्डे शाळेत फिरली. शिक्षा सोसणारीलाच झाली, हा अन्याय मला जमावाच्या आरोळ्यांपेक्षाही भयंकर वाटतो, कारण जमाव बाहेरचा होता आणि हा निर्णय शाळेच्या व्यवस्थेने घेतला होता. त्या नऊ जणांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत केंद्रात ऐकायला मिळतात. त्या घाईने ऐकू नयेत.

शाळेची 1927 ची भव्य इमारत आजही शाळा म्हणूनच वापरात आहे. त्यामुळे मनाला येईल तेव्हा आत शिरता येत नाही. मार्गदर्शकासोबत आणि आधी नोंदणी करूनच जावे लागते. मला हा निर्बंध योग्य वाटतो. दर्शनी दरवाजावर महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि तयारी यांची प्रतीके असलेले चार पुतळे आहेत. ‘संधी’ नावाच्या पुतळ्याखालचा दरवाजा नऊ मुलांसाठी सैन्य आणून उघडावा लागला, हे त्या पायऱ्यांसमोर उभे राहिल्यावर जितके बोचते, तितके पुस्तकात वाचताना बोचत नाही.

कोपऱ्यावरचा जुना पेट्रोल पंप 1957 च्या रूपात जपला आहे. बातमीदार तिथल्या दूरध्वनीवरून बातम्या कळवत असत. तो धावता पाहिला तरी चालेल.

मे 1958 मध्ये नऊ जणांपैकी अर्नेस्ट ग्रीन शालेय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडला, ही या शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची घटना. समारंभाला मार्टिन ल्यूथर किंग उपस्थित होते. पण पुढच्याच वर्षी, 1958-59 मध्ये, एकत्र शिक्षण टाळण्यासाठी शहरातील सार्वजनिक हायस्कुले बंद ठेवण्यात आली, आणि त्याची झळ गोऱ्या मुलांनाही बसली. मार्गदर्शकाला या बंद वर्षाविषयी आवर्जून विचारावे.

किशोरवयीन मुलांना येथे जरूर न्यावे. मात्र ऐकू येणाऱ्या शिव्या आणि मारहाणीची वर्णने सौम्य केलेली नाहीत, याची कल्पना त्यांना आधी द्यावी, आणि अर्धा दिवस तरी हाताशी ठेवावा.