स्कीवरचे टवके: सुपरग्लू की दोन नळ्यांचे इपॉक्सी?

दोन-तीन हंगाम झाले की स्कीच्या टॉपशीटचे, म्हणजे वरच्या चित्र असलेल्या पातळ आवरणाचे, कडेकडेने टवके उडू लागतात. वळताना एका स्कीची पोलादी कड दुसरीवर आपटते, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत मागचा गृहस्थ खुशाल आपल्या स्कीवर उभा राहतो, आणि यातले फारसे काही आपल्याला टाळता येत नाही. टवका वरवरचा असेल तर त्याची कड कानशीने तिरपी घासली तरी पुरते. खालचा काचतंतूंचा थर किंवा लाकडी गाभा दिसू लागला, तर मात्र पाणी मुरून लाकूड फुगण्यापूर्वी ते तोंड बुजवावे लागते.

सुपरग्लूचा मोह मला समजतो. त्यात काही मिसळावे लागत नाही, तो पातळ असल्याने बारीक फटीतही आपोआप ओढला जातो आणि मिनिटभरात पकडतो. मी म्युनिकमध्ये राहतो आणि आमच्या स्की इमारतीच्या तळघरात असतात. ऑस्ट्रियातल्या टिरोलहून परतलेल्या एका शनिवारी रात्री मी तिथेच काळ्या टॉपशीटचा उचकटलेला तुकडा सुपरग्लूने बसवला आणि समाधानाने झोपलो. सकाळी पाहतो तर टवक्याभोवती बोटभर रुंदीचे पांढुरके सारवण उमटलेले होते, जणू कोणी भस्म फासावे. या गोंदाची वाफ आसपास बसून घट्ट होते, आणि दमट, कोंदट हवेत हा प्रकार अधिक होतो. ओल्या स्की वाळत घातलेल्या बंद तळघरात दुसरे काय होणार? ॲसिटोनने तो डाग कदाचित गेला असता, पण त्याबरोबर टॉपशीटवरचे चित्रही जाण्याची भीती असल्याने मी तो धोका पत्करला नाही. जी दुरुस्ती निम्मी तरी रूपासाठी करायची, तिनेच रूप बिघडवावे, हे मला पचले नाही. शिवाय हा गोंद थंडीत ठिसूळ होतो आणि स्की तर सतत वाकत असते. माझा तुकडा तिसऱ्या दिवशी निघाला, अर्थात मी खालचा भाग पॉलिश पेपरने नीट घासला नव्हता, हेही कारण असू शकेल.

इपॉक्सी, म्हणजे आपल्या घरांतले अराल्डाइट, संयम मागते. दोन्ही नळ्यांतून सारखेच थेंब घ्यावे लागतात आणि टवक्याएवढ्या कामात ते प्रमाण सहज चुकते, म्हणून मी गरजेपेक्षा जास्तच कालवतो व उरलेले टाकून देतो. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्यापेक्षा रात्रभर घेणारा प्रकार मला पाण्यापुढे अधिक टिकाऊ वाटला. तळघरात दहा अंशांवर तो दुसऱ्या दिवशीही चिकट होता, त्यामुळे आता स्की दिवाणखान्यात येते आणि घरात त्यावर बोलणी होतात. वर बटर पेपर ठेवून क्लॅम्प हलकाच आवळावा, नाहीतर सगळे इपॉक्सी बाहेर येते. पांढऱ्या स्कीवर ते उन्हाने पिवळे पडते, हे मान्य केले पाहिजे. माझ्या काळ्या स्कीवरची जागा मात्र दोन हंगामांनंतर मलाच शोधावी लागते.

केसाएवढ्या चिरेत दाट इपॉक्सी उतरत नाही, तिथे मी आजही सुपरग्लूचा एक थेंब टाचणीने सोडतो. पण तेही स्की दोन दिवस वाळवून आणि खिडकी उघडी ठेवून.